पहिल्यांदा गडावर निघताय? हिशोब उतरण्यापासून मांडा

सह्याद्रीत नवखी मंडळी अडकतात त्यामागे बहुतेकदा उशीर असतो. वाट चुकली, पाणी संपलं, पाय मुरगळला ही कारणं नंतर सांगितली जातात; मुळात चढायला सुरुवातच सकाळी दहाला झालेली असते. मग चढ भर उन्हात येतो, दमलेल्या पायांनी उतार येतो आणि सकाळी सरळ वाटलेली वाट अंधारात ओळखू येत नाही. हे सगळं घरी, आदल्या आठवड्यात टाळता येतं.

पहिला गड ऑक्टोबरअखेर ते फेब्रुवारी या काळातच करा. मार्चनंतर कातळ तापतो आणि गडावरची टाकी, म्हणजे कातळात कोरलेले पाण्याचे हौद, आटायला लागतात. पावसाळ्याचं प्रकरण निराळं आहे, ते खाली येतंच.

१. गड निवडताना नाव आणि उंची दोन्हींवर विसंबू नका

आधी नावाचा घोळ. एकाच नावाचे अनेक गड आहेत. भैरवगडच घ्या: अकोले तालुक्यातल्या शिरपुंज्याचा भैरवगड चालत करता येतो, माळशेज घाटाच्या पायथ्याशी मोरोशीचा भैरवगड मात्र उभ्या भिंतीसारखा सुळका आहे, तिथे दोर आणि प्रस्तरारोहणाची सवय लागते. फोनच्या नकाशात नुसतं ‘भैरवगड’ टाकून निघालात तर कुठे पोहोचाल याचा नेम नाही. म्हणून गड नेहमी पायथ्याच्या गावासकट लक्षात ठेवा. जाणकार माणूस ‘हरिश्चंद्रगडाला जातोय’ एवढ्यावर थांबत नाही, ‘पाचनईकडून’ हे जोडतो. पाचनईची वाट सोपी, खिरेश्वरहून टोलारखिंडीतून जाणारी लांबलचक, आणि बेलपाड्याकडून कोकणकड्याशेजारी चढणारी नळीची वाट नवख्याने बघायचीही नाही. गड एकच, वाटा तीन आणि दिवसही तीन तऱ्हेचे.

आता उंची. साल्हेर १५६७ मीटर, तोरणा १४०३ मीटर हे आकडे समुद्रसपाटीपासूनचे आहेत. तुमच्या पायांना तेवढंच चढायचं असतं जेवढं गावापासून माथ्यापर्यंत आहे. राजमाचीला लोणावळ्याकडून गेलात तर सुमारे पंधरा किलोमीटरची चाल, पण बरीचशी सपाट. कर्जतकडून कोंदिवड्याहून निघालात तर अंतर कमी आणि चढ दमवणारा, कारण कोकणच्या पातळीवरून थेट घाटमाथा गाठायचा असतो. कोकणातून चढणारी कुठलीही वाट धरताना हे आधी तपासा.

पहिल्या दोन-तीन फेऱ्यांसाठी लोहगड, कोरीगड, तिकोना हे चांगले. लोहगडाला मळवली स्टेशनवरून भाज्यामार्गे चालत जाता येतं, पुढे गणेश, नारायण, हनुमान आणि महादरवाजा असे चार दरवाजे ओळीने लागतात. कोरीगडाची चढाई छोटी आणि माथ्यावर तटावरून फेरी मारता येते. तिकोन्याच्या शेवटच्या पायऱ्या उंच आहेत. तिथे आपल्याला उंचीची भीती वाटते का हे फार धोका न पत्करता कळतं. मग राजगड, रतनगड. हरिहर आणि कलावंतीण यांचे फोटो पाहून पहिल्याच रविवारी तिकडे धावणारे पुष्कळ आहेत, करू नका. अलंग-मदन-कुलंगला तर अनुभवी चमू आणि दोराशिवाय नावही काढू नका.

२. उलटा हिशोब

कागदावर सगळ्यात खाली लिहा: गावात परत, संध्याकाळी ५. डिसेंबरात सहाच्या सुमाराला सूर्य मावळतो आणि दरीत त्याआधीच अंधारतं. तिथून वर वर या. गुंजवण्याहून चोर दरवाजाने राजगड करायचा असं धरू.

गावात परत ५:०० वाजता.
उतरायला दोन तास आणि वर अर्धा तास राखीव, म्हणजे गड सोडायचा २:३० ला.
गडावर चार तास, म्हणजे माथ्यावर १०:३० ला.
चढायला तीन तास, म्हणजे गुंजवणं सोडायचं ७:३० ला.
पुण्याहून गाडीने सुमारे दोन तास आणि वाटेतला चहा, म्हणजे घर सोडायचं पहाटे ५ ला.

चार तासांत पद्मावती माची, बालेकिल्ला आणि सुवेळा किंवा संजीवनी यांपैकी एक माची होते. तिन्ही माच्या एका दिवसात करायच्या म्हटलं की हा हिशोब फाटतो, आणि तो नेमका उतरताना फाटतो. मुंबईकरांनी आदल्या रात्रीच पायथ्याच्या गावात पोहोचून झोपलेलं बरं.

दुसऱ्या कुठल्याही गडाला चढण्याचा वेळ काढायचा तर नवख्यांसाठी तासाला २५० ते ३०० मीटर उंची धरा. गटातल्या सगळ्यात हळू माणसाचा वेग हाच गटाचा वेग. ‘मागे फिरायची वेळ’ म्हणून एक आकडा आधीच ठरवा आणि तो सगळ्यांना सांगा. त्या वेळेला दरवाजा समोर दिसत असला तरी फिरायचं.

एसटीने जाणार असाल तर परतीच्या शेवटच्या गाडीवर सगळं अवलंबून. डेपोच्या चौकशी खिडकीवर जाण्याबरोबर येण्याचीही वेळ विचारा, आणि गावात उतरताना कंडक्टरला पुन्हा विचारून घ्या. रविवारी आणि शाळेच्या सुट्टीत काही फेऱ्या बंद असतात. आडगावांना मुक्कामी गाडी असते: संध्याकाळी येते, रात्री गावात थांबते, पहाटे निघते. ती चुकली की वडाप जीप, आणि तीही भरल्याशिवाय हलत नाही.

३. परवानगी आणि कागदपत्रं

सगळ्या गडांना एक नियम नाही. काही गड केंद्राच्या पुरातत्त्व खात्याकडे आहेत (रायगड, लोहगड, शिवनेरी), काही राज्याच्या (राजगड, साल्हेर), काहींच्या वाटा वनखात्याच्या हद्दीतून जातात. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत मराठ्यांचे १२ किल्ले आले. राजगड, रायगड, लोहगड, साल्हेर, शिवनेरी, प्रतापगड त्यांतलेच. रात्रीच्या मुक्कामाचे आणि तंबूचे नियम बदलत असतात; जुन्या माहितीवर जाऊ नका, निघण्याआधी पायथ्याच्या गावात फोन करून विचारा.

लक्षात ठेवायच्या तीन जागा. पुरंदर लष्कराच्या ताब्यात आहे. ओळखपत्राशिवाय सोडत नाहीत आणि ठरलेल्या वेळेतच आत जाता येतं. वासोट्याला बामणोलीत वनखात्याची परवानगी घेऊन, होडीने शिवसागर जलाशय ओलांडून जावं लागतं. मुक्काम नाही, संध्याकाळच्या आत परत, पावसाळ्यात बंद. रतनगड, हरिश्चंद्रगड हे कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतात, तिथे नाक्यावर शुल्क भरून पावती घ्यायची आणि ती जपून ठेवायची.

सोबत ठेवा:
– मूळ ओळखपत्र आणि एक झेरॉक्स, प्लास्टिकच्या पिशवीत
– एका चिठ्ठीवर रक्तगट, चालू औषधं, ॲलर्जी, घरच्या दोघांचे नंबर (फोन बंद पडला की हीच चिठ्ठी कामाला येते)
– परवानगी वा शुल्काची पावती
– सुट्टे पैसे. गावात दर वेळी नेट चालेलच असं नाही

आणि घरी एका माणसाकडे कागद द्या: कुठला गड, कुठल्या गावातून, सोबत कोण, किती वाजेपर्यंत फोन येईल, नाही आला तर किती वाजता शोध सुरू करायचा. शेवटची वेळ लिहायला लोक कचरतात. तीच सगळ्यात महत्त्वाची.

४. सॅक

एका दिवसासाठी २५ ते ३० लिटरची सॅक पुरते. पाणी माणशी तीन लिटर, उन्हाळ्याकडे झुकलेले दिवस असतील तर चार. त्यातलं एक लिटर उतरताना लागतं, वर सगळं संपवू नका.

बुटांबद्दल थोडं सविस्तर. तळव्याला खोल खाचा आणि मऊसर रबर हवं. गुळगुळीत झालेले धावायचे बूट कोरड्या मुरुमावर बेअरिंगसारखे सरकतात. नवे कोरे बूट थेट गडावर नेऊ नका, आठवडाभर घालून फिरा. दुसरा सापळा जास्त फसवा: दोन-तीन वर्षं कपाटात पडलेले बूट दिसायला नवे असतात, पण त्यांच्या तळव्याचा फोम आणि गोंद मरून गेलेला असतो. तासाभराच्या चालीत पुढच्या बाजूने तळवा सुटतो आणि मगरीसारखा जबडा उघडतो. निघण्याआधी चवडा धरून बूट दुमडून बघा. चिरा दिसल्या किंवा भुगा पडला तर तो जोड बाद. तरीही सॅकमध्ये पाच मीटर सुतळी ठेवा. तळवा सुटला तर बुटाच्या कमानीत तीन वेढे आणि गाठ बाजूला, म्हणजे पायाखाली येत नाही. हीच सुतळी टाक्यातून पाणी काढायलाही चालते.

बाकी: डोक्याला बांधायची बॅटरी आणि जादा सेल (फोनचा टॉर्च धरला की एक हात गेला, आणि फोनही), शिट्टी, टोपी, पूर्ण बाह्यांचा शर्ट, क्रेप बँडेज, ओआरएसच्या चार पुड्या, जंतुनाशक, चिकटपट्ट्या, एक जादा मोजे-जोड. जीन्स नको, भिजली की जड होते आणि गुडघा वाकू देत नाही. खायला राजगिऱ्याचे लाडू, गूळ-शेंगदाणे, खजूर, चिक्की. डबा न्यायचा तर पोळी-चटणी; फोडणीचा भात दुपारपर्यंत आंबतो.

५. पायथ्याचं गाव

चढण्याआधी दहा मिनिटं गावात घालवा. जेवायचं असेल तर चढतानाच माणसं मोजून सांगा, ‘आठ-दहा जण’ असं मोघम सांगू नका. पिठलं-भाकरी आयत्या वेळी फुकट उरली तर नुकसान त्या घराचं.

वाट विचारायचीही रीत आहे. ‘मामा, ही वाट गडावरच जाते ना?’ असं विचारलंत तर ‘हो, जाते की’ हेच उत्तर मिळेल, कारण फिरून फिरून सगळ्याच वाटा जातात. ‘गडावर कुठनं जायचं?’ असं विचारा आणि समोरच्याला बोट दाखवू द्या. मग विचारा: फाटा कुठे लागतो, त्यातला कुठला सोडायचा, पाणी कुठल्या टाक्याचं पितात, मोहोळ कुठे बसलंय. आणि ‘पंधरा मिनिटांवर आहे’ हे त्यांच्या पायांचं माप असतं. दुपटीने धरा, सामान असेल तर तिपटीने.

वाट किचकट असेल तर गावातलाच वाटाड्या घ्या. पैसे आधी ठरवा, परतीपर्यंतचे.

६. वाट ओळखणं

सह्याद्री लाव्ह्याच्या थरांचा बनलेला आहे. कठीण थराचा कडा होतो, त्याखालचा मऊ थर झिजून उतार किंवा पदर, म्हणजे सपाट पट्टा, होतो. म्हणून चढ एकसारखा नसतो: सोंडेचा चढ, मग सपाटी, मग कातळ, पुन्हा सपाटी. याचा उपयोग असा: समोर कडा आला आणि त्यात पायऱ्या वा खोबण्या दिसत नाहीत, तर वाट कड्यावर चढत नाही, कड्याला लगटून आडवी जाते आणि एखाद्या घळीतून किंवा नाळेतून वर निघते. ‘इथून शॉर्टकट आहे’ म्हणत कातळाला भिडणारे तिथेच अडकतात. चार हात वर चढतात आणि उतरता येत नाही.

दरवाजा दिसत नाही म्हणूनही घाबरू नका. अनेक गडांचे दरवाजे दोन बुरुजांच्या कवेत, वळणाआड लपवलेले असतात, शत्रूला समोरून मारा करता येऊ नये म्हणून. शेवटच्या वळणापर्यंत ते दिसायचेच नाहीत.

खरी फसगत ढोरवाटांची. गुरांच्या वाटाही मळलेल्या असतात, पण त्या उताराला आडव्या, पसरत जाणाऱ्या आणि अनेक फाटे फुटलेल्या असतात. एक खूण हमखास: माणसांच्या वाटेवर डोक्याच्या उंचीपर्यंतच्या फांद्या मोडलेल्या असतात, ढोरवाटेवर कारवी आणि काटे छातीला, तोंडाला लागायला लागतात. वाकून चालावं लागलं की थांबा. मळलेला कातळ, खुणेसाठी एकावर एक रचलेले दगड, रंगवलेले बाण, यांतलं काहीच पंधरा मिनिटं दिसलं नाही, तर शेवटच्या खात्रीच्या जागेपर्यंत परत या. पुढे काहीतरी सापडेल या आशेवर चालत राहू नका.

नकाशा आधीच फोनमध्ये उतरवून ठेवा. वर फोन विमान मोडवर टाका. जीपीएस चालू राहतं आणि रेंज शोधण्यात बॅटरी जात नाही.

७. कातळटप्पा, पायऱ्या, घसारा

दोन हात, दोन पाय यांपैकी एका वेळी एकच हलवायचा. प्रत्येक धर पकडण्याआधी हलवून बघायचा. गवताला आणि सुट्या मुळांना धरायचं नाही. लोखंडी रेलिंग असेल तर आधाराला ठीक, पण सगळा भार टाकू नका, बुडाशी गंजलेलं असू शकतं. कपारीत न बघता हात घालू नका; फुरसं हा विषारी साप नेमका अशाच जागी बसतो.

राजगडाच्या चोर दरवाजाचा शेवटचा टप्पा एकेरी आहे आणि दरवाजात वाकून शिरावं लागतं. पाठीवर बांधलेली चटई, तिवई वरच्या दगडाला अडकते आणि माणूस मागे ओढला जातो. असलं सामान आधीच सॅकच्या आत घाला. रविवारी इथे रांग लागते. ती टाळायची तर मुळातच पाली गावाकडून निघून पाली दरवाजाची वाट धरा, पायऱ्या रुंद आहेत.

हरिहरच्या पायऱ्यांना दोन्ही कडांना हाताची बोटं रुतवायला खोबण्या कोरल्या आहेत. चढताना त्यांचा उपयोग सगळे करतात. उतरताना मात्र लोक दरीकडे तोंड करून बसत बसत येतात. उलट करा: शिडी उतरतो तसं कातळाकडे तोंड, हात खोबणीत, पाय खाली चाचपत. वरून येणारे आणि खालून जाणारे एकाच वेळी पायऱ्यांवर नकोत. ओरडून विचारा, थांबा.

फेब्रुवारीनंतर घसारा, म्हणजे पायाखालून सरकणारी सुटी माती-खडी. मुरमाड उतारावर टाच रोवत, गुडघे थोडे वाकवून, छोटी पावलं टाका. माणसांनी एकाखाली एक न चालता तिरकं चाला, कारण सुटलेला दगड खालच्याला लागतो. दगड सुटलाच तर ‘दगड!’ अशी जोरात हाक द्या.

८. गडावर

पाणी गावकरी पितात त्याच टाक्यातलं घ्या. राजगडाच्या पद्मावती तळ्यासारखी उघडी तळी पिण्यासाठी धरू नका. टाक्यात पाय, हात, भांडी काही बुडवायचं नाही. बाटलीला सुतळी बांधून शेंदा, फडक्यातून गाळा, क्लोरीनचे थेंब टाकून अर्धा तास थांबा.

आग्या मोहोळ कड्यांच्या छपराखाली, दरवाजांच्या कमानीत बसतं. धूर, सिगारेट, अत्तर, ड्रोन, आरडाओरडा यांनी ते उठतं. उठलंच तर हातवारे न करता तोंड-डोकं फडक्याने झाका, कड्याच्या काठापासून आधी दूर व्हा, मग दाट झुडपाकडे वेगाने सरका. नांगी नखाने खरवडून लगेच काढा. चेहरा सुजला किंवा श्वास अडकायला लागला तर दवाखान्याशिवाय इलाज नाही.

दगडांवर नावं कोरणं, तटाचे चिरे चुलीला घेणं हा गुन्हा आहे. केंद्राच्या ताब्यातल्या वास्तूला इजा केल्यास दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. तटावरून चालताना बाहेरच्या कडेला जाऊ नका. चुना गेलेले चिरे वरून घट्ट दिसतात.

९. पाऊस

पावसाळ्यात जिल्हाधिकारी काही गड आणि धबधबे बंद करतात. ते आदेश दर वर्षी नव्याने निघतात, आदल्या दिवशी बघा. २०२३च्या जुलैत इर्शाळगडाच्या पोटातली इर्शाळवाडी दरडीखाली गेली. सलग दोन-तीन दिवस कोसळत असेल तर उताराखालच्या वाड्यांत मुक्काम आणि नाळेच्या वाटा दोन्ही टाळा.

शेवाळलेल्या कातळावर कुठलाच बूट धरत नाही. सॅकच्या बाहेरचं कव्हर पुरत नाही, आत मोठी जाड प्लास्टिकची पिशवी घालून त्यात सामान भरा. ओढ्याचं पाणी अचानक गढूळ झालं, पाचोळा-काटक्या वाहू लागल्या, आवाज वाढला तर वर लोंढा सुटलाय. लगेच काठ गाठा. गुडघ्याच्या वर पाणी ओलांडायचं नाही. डोंगरातले ओढे पाऊस थांबल्यावर दोन-तीन तासांत ओसरतात, तेवढं बसा.

परतीच्या पावसात, म्हणजे सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबरात, दुपारनंतर विजा होतात. दुपारच्या आत माथा सोडा. वीज सुरू झाली तर बुरूज, ध्वजस्तंभ, एकटं झाड आणि रेलिंग यांपासून लांब.

१०. काही बिनसलं तर

मुरगळला: बूट काढू नका, सूज आली की पुन्हा जाणार नाही. वरूनच क्रेप बांधा, सामान दुसऱ्याला द्या.

साप चावला: अंगठी, कडं काढा, तो अवयव फळकुटाने बांधून हलू देऊ नका, माणसाला चालवू नका, उचलून आणा. कापणं, चोखणं, आवळून बांधणं काही नाही. एक जण गावात पुढे पळवून गाडी तयार ठेवा आणि १०८ ला फोन करून सर्पविषावरचं प्रतिविष असलेल्या जवळच्या ग्रामीण रुग्णालयाची खात्री करून घ्या.

कोणी पडला किंवा हरवला: ११२ ला फोन करा. गावच्या पोलीस पाटलाला कळवा, दोर-माणसं तोच आधी जमवतो. महाराष्ट्रात गिर्यारोहकांचं बचाव समन्वय केंद्र आहे. त्याचा नंबर घरून निघतानाच फोनमध्ये आणि त्या चिठ्ठीवर लिहा. सांगताना गडाबरोबर वाटेचं नाव, जवळची खूण आणि फोनवरचे अक्षांश-रेखांश सांगा.

अंधार पडला आणि वाट सापडत नाही: खाली दिवे दिसले तरी सरळ त्यांच्या दिशेने उतरू नका, मध्ये कडा असू शकतो. सपाट जागा बघा, सगळे एकत्र बसा, शिट्टी मिनिटाला सहा वेळा, मग मिनिटभर शांतता. उजाडेपर्यंत हलायचं नाही.

आणि सगळं नीट पार पडलं तर गावात उतरल्यावर ज्या घरी वाट विचारली होती तिथे ‘उतरलो’ म्हणून सांगा, म्हणजे ते रात्री डोंगराकडे बघत बसत नाहीत. कागद ज्यांच्याकडे दिलाय त्यांना फोन गाडीत बसण्याआधी करा. पुढच्या वळणावर रेंज जाते.